‘स्थायिक’ म्हणजे कधीपासून?

न्यू जर्सीतल्या एका चिनी घरात दोन भाऊ आहेत असं समजू. थोरला जन्मला तेव्हा आईवडील दोघंही विद्यार्थी व्हिसावर होते. धाकटा झाला तोवर घरात ग्रीन कार्ड आलं होतं. दोघांचे आईबाप तेच, इस्पितळ तेच, घरात बोलली जाणारी भाषा तीच. अमेरिकेच्या लेखी दोघंही जन्मतः अमेरिकन. चीनच्या लेखी मात्र थोरला चिनी आणि धाकटा परदेशी! आजीला भेटायला शांघायला निघाले की धाकट्याच्या अमेरिकी पासपोर्टवर रीतसर व्हिसा लागतो. थोरल्याला व्हिसा मिळत नाही, कारण आपल्याच नागरिकाला कोण व्हिसा देणार? त्याच्यासाठी चिनी कॉन्सुलेटमधून ‘ल्यूशिंगचंग’ नावाची, दोन वर्षं चालणारी प्रवास-पुस्तिका काढावी लागते.

हा कुणा कारकुनाचा आडमुठेपणा नाही. चीनच्या १९८० च्या नागरिकत्व कायद्यातल्या पाचव्या कलमाचं हे सरळ वाचन आहे. कायदा छोटा आहे, अवघी अठरा कलमं. पाचवं सांगतं की परदेशात जन्मलेल्या मुलाचे आईवडील, किंवा दोघांपैकी एक, चिनी नागरिक असेल तर मूल चिनी. पण ते चिनी पालक परदेशात स्थायिक झालेले असतील आणि मुलाला जन्मतःच दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळालं असेल, तर ते चिनी नाही. सगळा भार ‘स्थायिक’ या एका शब्दावर आहे. चिनीत ‘तिंगच्यू’. त्याची व्याख्या कायद्यात नाही. व्यवहारात कॉन्सुलेट बघतं ते पालकांकडे त्या देशात कायम राहण्याचा परवाना आहे की नाही एवढंच.

म्हणजे मूल कुठल्या देशाचं हे मुलाकडे बघून ठरत नाही, बापाच्या व्हिसाकडे बघून ठरतं. माझा आक्षेप याला आहे. पण तो नीट मांडायचा तर हा शब्द कायद्यात का आला ते आधी बघायला हवं, कारण तो वाईट हेतूने आलेला नाही. उलट विसाव्या शतकातल्या चिनी मुत्सद्देगिरीतली एक शहाणी माघार त्यामागे आहे.

चीनचा पहिला नागरिकत्व कायदा १९०९ सालचा, छिंग घराण्याच्या अखेरच्या दिवसांतला. बाप चिनी तर मूल चिनी, मग ते जावात जन्मो की पेनांगमध्ये. हा कायदा घाईने झाला, त्यामागे डच होते. ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, जन्मलेल्या चिनी वंशाच्या लोकांना आपले प्रजाजन ठरवण्याची तयारी डचांनी चालवली होती, आणि १९१० मध्ये त्यांनी तसा कायदा केलाही. एकाने रक्तावर हक्क सांगितला, दुसऱ्याने मातीवर. १९११ मध्ये दोघांत करार झाला आणि डच मुलखात डच कायदा चालेल हे बीजिंगने मुकाट्याने मान्य केलं. पण रक्ताचा दावा सोडला नाही. प्रजासत्ताक आलं, १९१४ आणि १९२९ मध्ये नवे कायदे झाले, तरी दावा तोच. पिढ्यान् पिढ्या जावा बेटावर राहिलेला, चिनीचा एक शब्द न येणारा दुकानदारही कागदावर चीनचा नागरिक होता.

१९४९ नंतर हे ओझं कम्युनिस्ट चीनच्या गळ्यात आलं. आग्नेय आशियातले नवस्वतंत्र देश आपल्याच चिनी वंशाच्या लोकांकडे संशयाने बघू लागले, की उद्या बीजिंगने हाक मारली तर हे कुणाचे? एप्रिल १९५५ मध्ये बांडुंगला आशिया-आफ्रिका परिषद चालू असतानाच, २२ तारखेला, चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय आणि इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री सुनार्यो यांनी दुहेरी नागरिकत्वाच्या करारावर सह्या केल्या. दोन्ही नागरिकत्वं असलेल्या प्रौढाने ठरावीक मुदतीत एक निवडायचं. अल्पवयीन मुलांनी सध्या पालकांच्या मागे जायचं, आणि वयात आल्यावर त्यांनी स्वतः निवड करायची. ही शेवटची तरतूद लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

करार अंमलात यायला १९६० उजाडलं. तोवर इंडोनेशियाने परकीयांना खेडोपाडीच्या किरकोळ व्यापारातून हाकलणारा हुकूम काढला होता आणि त्या एका वर्षात सुमारे लाखभर लोक बोटींनी चीनला गेले. त्यांतल्या अनेकांनी तो देश आधी पाहिलेलाही नव्हता. १९६९ मध्ये इंडोनेशियाने करारच रद्द केला. मागे राहिलेल्यांच्या मुलांना पुढे कित्येक दशकं शाळेपासून पासपोर्टपर्यंत ‘नागरिकत्वाचा पुरावा’ असं एक पत्र दाखवावं लागलं, जे शेजारच्या जावानीज मुलाला कुणी कधी मागितलं नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुसी सुसांती आणि अ‍ॅलन बुडीकुसुमा यांनी बॅडमिंटनमध्ये इंडोनेशियाला पहिलीवहिली सुवर्णपदकं मिळवून दिली. दोघंही चिनी वंशाचे. देशाचा झेंडा वर चढवणाऱ्यांच्या समाजाला आपण या देशाचे आहोत हे कागदाने सिद्ध करावं लागत होतं. कायद्यातला हा भेद गेला २००६ मध्ये.

१९८० चा चिनी कायदा या इतिहासाच्या पाठीवर आला. तिसरं कलम म्हणतं, चीन आपल्या नागरिकाचं दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. नववं म्हणतं, परदेशात स्थायिक झालेल्याने स्वेच्छेने तिथलं नागरिकत्व घेतलं की चिनी नागरिकत्व आपोआप संपलं. आणि पाचव्यातला तो ‘स्थायिक’ शब्द. शेजाऱ्यांना दिलेला हा शब्द होता: तुमच्याकडे रुजलेल्या लोकांच्या पोरांवर आम्ही हक्क सांगणार नाही. जकार्ता, क्वालालंपूर आणि बँकॉकला जे ऐकायचं होतं तेच त्यात होतं. त्या काळाच्या मानाने हा कायदा चांगला होता असंच मी म्हणेन.

पुढे जग बदललं. १९८० नंतर चीनमधून बाहेर पडले ते बंदरावर दुकान थाटायला निघालेले नव्हते. ते पीएच.डी. करायला, कोड लिहायला, प्रयोगशाळेत काम करायला गेले. वर्षानुवर्षं तात्पुरत्या व्हिसावर राहिले. तिथे लग्नं झाली, मुलं झाली, घराचे हप्ते सुरू झाले, पण कॉन्सुलेटच्या खिडकीशी ते ‘स्थायिक’ नव्हते. जावातल्या चौथ्या पिढीला मोकळं करण्यासाठी घातलेला शब्द इथे उलटा चालायला लागला आणि पोरांना बांधून ठेवू लागला.

गंमत बघा. तिसरं कलम दुहेरी नागरिकत्व ‘मान्य करत नाही’ म्हणतं. मनाई करतं असं म्हणत नाही. थोरल्या भावाकडे दोन नागरिकत्वं आहेत हे चिनी सरकारला पक्कं ठाऊक आहे, कारण त्याच्या अमेरिकी जन्मदाखल्यावरूनच त्याला ल्यूशिंगचंग दिलेलं असतं. जे अस्तित्वात नाही असं कायदा म्हणतो, त्याच्यासाठी सरकार स्वतः पुस्तिका छापतं. आणि मोठा झाल्यावर काय? नववं कलम त्याला लागू होत नाही. त्याने स्वेच्छेने काही घेतलेलंच नाही, त्याला ते जन्मतः मिळालं. म्हणजे स्वतः अर्ज करून सोडत नाही तोवर तो चिनी. वयाच्या तिसाव्या वर्षी बोस्टनमध्ये दाताचा डॉक्टर झालेला हा माणूस आपण चीनचे नागरिक आहोत हे कदाचित कधी कुणाकडून ऐकणारही नाही. पण चीनमध्ये काही अडचण आली तर अमेरिकी वकिलातीचा अधिकारी त्याला भेटू शकेल का, हे या नागरिकत्वावर अवलंबून आहे. ज्या देशाचं नागरिकत्व माणसाकडे आहे त्याच देशाविरुद्ध दुसऱ्या देशाने त्याची पाठराखण करायची नाही, हा संकेत १९३० च्या हेग करारापासूनचा आहे. बीजिंग तो अक्षरशः पाळतं.

इथे कुणी म्हणेल, जुनाट कायदा आहे, दुरुस्ती राहून गेली असेल. मला तसं वाटत नाही. संदिग्धता सरकारच्या सोयीची आहे म्हणून ती टिकली आहे. ऐलीन गू २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मली, आई चिनी, वडील अमेरिकन. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये ती चीनकडून स्कीइंगमध्ये उतरली आणि दोन सुवर्णपदकं घेऊन गेली. ऑलिंपिकच्या नियमाने खेळाडू ज्या देशाकडून खेळतो त्याचा नागरिक असावा लागतो. चिनी कायद्याचं आठवं कलम सांगतं की चिनी नागरिकत्व दिलेल्याला परकं नागरिकत्व ठेवता येणार नाही. मग तिने अमेरिकी पासपोर्ट परत केला का? पत्रकारांनी हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, उत्तर मिळालं नाही. चिनी सरकारनेही ते देण्याची तसदी घेतली नाही. मला तिचा राग नाही. अठरा वर्षांच्या पोरीने दोन्ही घरं आपली म्हटली तर त्यात काय चुकलं? पण ज्या कायद्यापुढे एका सामान्य विद्यार्थ्याचं पोर दर दोन वर्षांनी पुस्तिकेसाठी खेटे घालतं, तोच कायदा पदक दिसल्यावर इतका मऊ कसा होतो?

आणि दुसऱ्या टोकाला ग्वे मिनहाय. निंगपोत जन्मलेला, नव्वदच्या दशकात स्वीडनचा नागरिक झालेला, हाँगकाँगमध्ये चिनी नेत्यांविषयी पुस्तकं छापणारा प्रकाशक. ऑक्टोबर २०१५ मध्ये थायलंडमधल्या पट्टायाच्या घरातून तो नाहीसा झाला आणि चीनच्या कोठडीत सापडला. फेब्रुवारी २०२० मध्ये निंगपोच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा ठोठावली, आणि सोबत जाहीर केलं की त्याने २०१८ मध्येच चिनी नागरिकत्व परत घेतलं आहे. कोठडीत असताना! तो प्रौढ होता, त्याचं प्रकरण वंशाचं आहे, जन्माचं नाही, हे मान्य. पण वृत्ती एकच. बाहेर रुजलेल्याला ‘ह्वारन’ म्हणायचं, म्हणजे चिनी वंशाचा परदेशी. आणि गरज पडली की तो पुन्हा आपला. २०१४ मध्ये शी चिनफिंग यांनी जगभरच्या चिनी वंशाच्या मंडळींपुढे भाषण करताना समान मूळ, समान आत्मा, समान स्वप्न अशी भाषा वापरली. मुळांची भाषा कानाला गोड लागते. पण कायद्याने ज्याला परका म्हटलं त्याला भाषणात आपलं म्हणणं म्हणजे लेक सासरी द्यायची आणि माहेरचा हुकूमही तिच्यावर चालवायचा.

आता पॅसिफिक ओलांडून पलीकडे. वाँग किम आर्क १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला, आईवडील चीनच्या सम्राटाचे प्रजाजन. पुढे चिनी मजुरांना बंदी करणारा १८८२ चा कायदा अंमलात आला. १८९५ मध्ये तो चीनमधून परतला तेव्हा तू अमेरिकन नाहीसच म्हणून त्याला उतरू दिलं नाही. बंदरातल्या जहाजांवर तो महिनोन् महिने अडकून राहिला. मार्च १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की अमेरिकेच्या मातीत जन्मलेला तो अमेरिकेचा नागरिक, आईबाप कुणाचेही प्रजाजन असोत. आज न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात जन्मणाऱ्या प्रत्येक मराठी पोराचा निळा पासपोर्ट या चिनी स्वयंपाक्याच्या खटल्यावर उभा आहे. मंडळाच्या गणेशोत्सवात त्याचं नाव कुणी घेत नाही, ते एक असो.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेला आदेश याच निकालाच्या मुळावर घाव घालणारा होता. आई बेकायदा राहत असेल किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, तर अमेरिकेत जन्मूनही मूल अमेरिकन नाही. न्यायालयांनी अंमलबजावणी रोखली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मला त्यातला वेगळाच मुद्दा विलक्षण वाटतो. एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या या दोन देशांनी रेष ओढली ती नेमकी एकाच जागी. पालक ग्रीन कार्डवर, तर चीन म्हणतो मूल आमचं नाही आणि आदेश म्हणतो मूल आमचं. पालक तात्पुरत्या व्हिसावर, तर चीन म्हणतो आमचं आणि आदेश म्हणतो आमचं नाही. दोन्ही सरकारांच्या दृष्टीने हिशेब चोख जुळतो, दुहेरीपण उरतच नाही. फक्त ज्या मुलाने तिथल्या बालवाडीत पहिली कविता पाठ केली, ते या हिशेबात कुठेच नाही.

आणि ‘तात्पुरता’ म्हणजे किती? एच-१बी वर गेलेला पुण्याचा इंजिनिअर ग्रीन कार्डच्या रांगेत उभा राहतो. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त येऊ द्यायची नाहीत असा तिथला नियम, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबात मोजतात. चिनी लोकही याच रांगेत आहेत, थोडे पुढे. पंधरा वर्षं एकाच गावात राहिलेला, तिथल्या शाळेच्या पालकसभेला जाणारा, दारापुढचा बर्फ काढणारा माणूस ‘स्थायिक’ नाही, कारण त्याचा नंबर लागला नाही. नंबर का लागला नाही, तर तो अमुक देशात जन्मला म्हणून. बापाचा जन्म कुठे झाला यावर पोराचा देश ठरणार असेल, तर सहा विरुद्ध दोनचा तो निकाल कशासाठी लागला होता?

भारताला यात शहाजोगपणा करायला फारशी जागा नाही. आपणही दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. एक गोष्ट मात्र आपल्या कायद्याने बरी केली आहे. परदेशात जन्मलेलं भारतीयाचं मूल आता आपोआप भारतीय ठरत नाही. वर्षभरात दूतावासात नोंदवावं लागतं, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांना लिहून द्यावं लागतं. म्हणजे नकळत कुणी भारतीय राहत नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घरातली दोन्ही भावंडं, बापाचा व्हिसा काहीही असो, सारख्याच ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) पुण्याला येतात. त्या कार्डाने मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तर चालते. पण आपण कोण आहोत ते कळतं. चीनने २०१८ पासून चिनी वंशाच्या परदेशींना पाच वर्षांपर्यंतचे व्हिसा द्यायला सुरुवात केली, ते या कार्डाच्या तुलनेत फारच तोकडं आहे.

पण १९६२ चं विसरता येत नाही. युद्ध सुरू झालं आणि परकीयांविषयीचा कायदा असा बदलला की ज्याचे आईबाप किंवा आजीआजोबांपैकी एक जरी शत्रुराष्ट्राचा नागरिक होता, त्यालाही परकीयांचे नियम लावता यावेत. आपल्याच १९५५ च्या कायद्याने २६ जानेवारी १९५० नंतर भारतात जन्मलेलं मूल भारतीय होतं. ते बाजूला पडलं. आसाममधलं माकुम, दार्जिलिंग, शिलाँग इथली चिनी कुटुंबं, चहामळ्यांतले सुतार, हॉटेलवाले, चांभार, मुलाबाळांसकट सुमारे तीन हजार माणसं राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन टाकली गेली. काही जण १९६७ पर्यंत तिथेच होते. चीनने पाठवलेल्या बोटींनी अनेक जण मद्रासहून चीनला गेले. जाणाऱ्या मुलांपैकी कित्येकांना चिनीपेक्षा असमिया चांगली येत होती. मुंबईत माझगावला गोदीजवळ चिन्यांचं एक जुनं देऊळ अजून आहे, वरच्या मजल्यावर. तिथे आता मोजकीच घरं उरली आहेत. रक्ताकडे बघून माणूस ठरवायचा रोग एकट्या बीजिंगचा नाही.

मग करावं काय? मी दुहेरी नागरिकत्वाचा झेंडा घेऊन निघालेलो नाही. चीनला ते नको असेल, तर त्यामागे आग्नेय आशियाचा अनुभव आहे, आणि बायकापोरं परदेशात धाडून मायदेशात लाच खाणाऱ्या अधिकाऱ्यांचाही. (त्या अधिकाऱ्यांना पकडा, पाळण्यातल्या मुलाच्या कागदांवर कशाला राग काढता?) माझी मागणी त्याहून लहान आहे, आणि ती चीनच्याच जुन्या कागदात आहे: बांडुंगच्या करारातली ती तरतूद. मूल वयात येईपर्यंत दोन्ही नागरिकत्वं उघडपणे नोंदवा, लपवाछपवी नको. वयात आल्यावर त्याला विचारा. तोवर पालकांच्या व्हिसावरून भावंडांत भेद करू नका.

यावर खरा आक्षेप जर्मनीकडून येतो. तिथे २००० पासून तुर्की वंशाच्या, जर्मनीत जन्मलेल्या मुलांना तेविसाव्या वर्षापर्यंत एक पासपोर्ट निवडायला लावत. अनेकांना ती निवड म्हणजे बापाला किंवा शाळेला नाकारणं वाटली, काहींची मुदत नुसतीच चुकली. २०१४ मध्ये तिथे वाढलेल्या मुलांना ही सक्ती उरली नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून निवड ही सुरी नको. मुलगा गप्प राहिला, तर तो जिथे वाढला तिथला समजायचा, आणि दुसऱ्या देशाने त्याच्यावरचा हक्क आपणहून सोडायचा. ‘स्थायिक’ शब्द ठेवायचाच असेल तर तो पालकांना नको, मुलाला लावा. दहा वर्षं शाळा जिथे झाली तिथे ते स्थायिक झालं. हे ठरवायला इमिग्रेशन खात्याचा शिक्का लागत नाही.

तोवर ते दोघे भाऊ शांघायच्या पुतोंग विमानतळावर उतरतात. ग्रीन कार्ड मिळालं तरी आईवडिलांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं नाही; दोघांकडे अजून चिनी पासपोर्टच आहेत. त्यामुळे ते दोघं आणि थोरला चिनी नागरिकांच्या रांगेत लागतात. धाकटा सात वर्षांचा आहे, त्याची रांग परदेशींची. तिथे तो एकटा उभा राहू शकत नाही म्हणून शेवटी आई थोरल्याला वडिलांपाशी सोडते, अधिकाऱ्याला काहीतरी समजावते आणि धाकट्याचा हात धरून पलीकडच्या लांब रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहते.